४४ व्या मिनिटाचा इंटरव्हल

इंटरव्हल कुठे टाकायचा हे ऑपरेटरला कुणी सांगत नाही. हिंदी-मराठी पिक्चरला ती जागा आधीच करून दिलेली असते. हिरोला गोळी लागते, पाटी येते, आम्ही दिवे लावतो. इंग्रजी पिक्चरला इंटरव्हल नसतोच. तिथे सुरी आमच्या हातात. कॅन्टीनवाल्याला तो बरोबर मधोमध हवा असतो, कारण आधी टाकला तर लोकांना भूक नसते आणि उशिरा टाकला तर लोक म्हणतात आता घरी जाऊनच जेवू. सांगलीत बावीस वर्षं हे काम करतोय, रिळं चढवण्यापासून. माझ्या सुरीबद्दल आजवर एकानेही तोंड उघडलं नव्हतं. मार्चमधल्या त्या गुरुवारी तीस माणसं एकदम केबिनच्या जिन्याशी येऊन उभी राहिली.

पिक्चर म्हणजे खरं तर पिक्चर नव्हता, मैफलीचं चित्रीकरण होतं. गायकाचं नाव लिहीत नाही. लिहिलं की वाचणारा आधी त्याच्याबद्दलचं स्वतःचं मत काढून बसतो आणि माझं राहून जातं. एरवी त्याचे कार्यक्रम म्हणजे मैदान, धूर, ड्रम, पळते दिवे. हे सगळं उलटं होतं. एक माणूस, एक स्टूल, एक लाकडी गिटार, दोन माइक. ८८ मिनिटं. त्याच्या इथल्या चाहत्यांनी वर्गणी काढून साडेसहाचा शो आख्खा भाड्याने घेतला होता. गुरुवारी आठवड्याचा पिक्चर मेलेलाच असतो, त्यामुळे मॅनेजरसाहेब खूश. १४० तिकिटं गेली. माणसं सांगली-मिरजेची होती, कोल्हापूरहून एक जोडपं होतं, विट्याहून एक पोरगा एसटीने आला होता.

आता बाहेरच्या माणसाला माहीत नसतं ते सांगतो. पिक्चर हल्ली हार्डडिस्कवर येतो, पण डिस्क आली म्हणजे पिक्चर आला असं नाही. त्याला कुलूप असतं. त्याची किल्ली, आम्ही ‘की’ म्हणतो, वेगळी येते, मेलवर, आणि ती फक्त आमच्याच सर्व्हरला लागते. वर तिला वेळ ठरवून दिलेली असते. या की ची वेळ होती गुरुवार संध्याकाळी सहा ते रात्री बारा. म्हणजे सकाळी येऊन दोन गाणी लावून आवाज बघावा, तर सर्व्हर लाल पट्टी दाखवतो. कुणाच्या डोक्यातून ही वेळ निघाली देवाला माहीत. नव्या मोठ्या पिक्चरला चोरीची भीती असते, समजू शकतो. पण स्टुलावर बसून गाणारा माणूस दुपारी दोन वाजता ऐकला तर कुणाचं काय जाणार होतं?

तर न पाहिलेल्या पिक्चरला मला इंटरव्हल टाकायचा होता. चाहत्यांच्या म्होरक्याने, इंजिनिअरिंगचा पोरगा होता, गाण्यांची यादी वेळेसकट लिहून दिली होती. झकास अक्षर. सातवं गाणं संपतं ४४ मिनिटं १० सेकंदांना, आठवं सुरू होतं ४६ ला. मध्ये दोन मिनिटं कोरी. कागदावर यापेक्षा सरळ जागा असूच शकत नाही. प्लेलिस्टमध्ये ४४:१० ला क्यू टाकला: चित्र बंद, दिवे चालू. कॅन्टीनवाल्याने वरती चहा पाठवला.

आवाजाचं थोडं सविस्तर सांगायला पाहिजे, कारण बोलणी त्यावरही खाल्ली. साउंड प्रोसेसरवर शून्य ते दहा आकडे असतात. त्यातला ७ हा जगभरचा ठरलेला. ७ वर ठेवून चाचणीचा आवाज सोडायचा, पत्र्यावर संततधार लागल्यासारखा असतो तो, आणि पडद्यामागच्या प्रत्येक स्पीकरचा हॉलमध्ये ८५ डेसिबल भरला पाहिजे. पिक्चर मिक्स करणारा माणूस याच मापावर ऐकून मिक्स करतो. आमचा आकडा मात्र कायम ४.८. हल्लीचे मारधाडीचे पिक्चर इतके ठासून भरलेले असतात की ७ वर लावले तर लेकरं रडतात आणि बाया कानात बोटं घालून बाहेर येतात. मग मॅनेजर वर फोन करतो, आपण एक पॉइंट उतरवतो, पुढच्या आठवड्यात अजून एक. पिक्चरवाल्यांना कळतं की थिएटरवाले उतरवतात, म्हणून ते अजून ठासतात. असं करत करत आम्ही ४.८ ला येऊन बसलोय. या शोला मी मनाने ६ वर ठेवला. ७ वर न्यायचं धाडस झालं नाही.

पहिल्या दहा मिनिटांतच हॉलमध्ये दोन पक्ष पडले. एक गाणारा, एक ऐकणारा. गाणाऱ्यांना प्रत्येक ओळ पाठ, तीही गायकाच्या आधी. ऐकणारे त्यांना ‘शूऽऽ’ करत होते, आणि खरं सांगू का, गाण्यापेक्षा त्या ‘शू’चाच आवाज जास्त येत होता. कोल्हापूरचे गृहस्थ तिसऱ्या गाण्याला बाहेर येऊन डोअरकीपरला म्हणाले, “बँड कधी येणार ओ?” बँड नाही म्हटल्यावर तिकिटाचे पैसे मागायला लागले. बायको मात्र आत बसून राहिली ती शेवटपर्यंत.

पिक्चरमधल्या लोकांच्या टाळ्या भिंतीवरच्या स्पीकरमधून, म्हणजे पाठीमागून येत होत्या. पहिल्या टाळ्यांना निम्म्या लोकांनी मागे वळून बघितलं. दुसऱ्या गाण्यापासून आपलेही लोक टाळ्या वाजवायला लागले. पाचव्याला मागच्या रांगेतून कुणीतरी खणखणीत ‘वन्समोअर’ दिला. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये पहिलं मराठी नाटक ज्या गावात केलं, त्या गावाला सवय जायची कशी? मी काचेआड होतो. मला नुसता ओरडा ऐकू आला आणि वाटलं, गेला आवाज.

कारण केबिनमध्ये आम्ही ऐकत नसतो. प्रोजेक्टरचा पंखा घोंघावत असतो, छोटा मॉनिटर स्पीकर खरखरतो. आम्ही दिवे बघतो. प्रत्येक चॅनेलचा हिरवा दिवा नाचत असला की आवाज आहे. सहाव्या गाण्यात त्या बाबाने तारांवरून हात उचलला आणि नुसता बसला. पाचही चॅनेलचे दिवे विझले. एक, दोन, तीन, चार सेकंद. आमच्या धंद्यात शांतता म्हणजे बिघाड. बावीस वर्षांत दुसरा अर्थ मी शिकलेलो नाही. पडद्यावर माणूस दिसतोय, दिवे काळे, आणि माझा हात मला न विचारता प्रोसेसरवर गेला. इनपुट दुसऱ्यावर टाकून परत आणला. आख्ख्या हॉलभर ‘टक्क’. त्याच क्षणी त्याने गळा सोडला, गिटारशिवाय, एकदम खालून. तो पहिला स्वर माझ्या ‘टक्क’खाली गेला.

खालून जो सुस्कारा आला तो काचेतूनही कळला.

सातव्या गाण्याला डोअरकीपर धापा टाकत वर. “दादा, लोक म्हणत्यात डावा स्पीकर फाटलाय. खर्र खर्र येतंय.” मॉनिटरवर कान लावला. खरंच, जाड तारेबरोबर काहीतरी भिरभिरत होतं. मी ६ चा ५ केला, म्हणजे तीनेक डेसिबल उतरले. खरखर कमी झाली आणि गाणंही कमी झालं. आता एअर कंडिशनरचा ब्लोअर गायकाच्या वर ऐकू यायला लागला. एकाचं म्हणणं एसी बंद करा, दुसऱ्याचं म्हणणं उकडतंय. एवढ्यात ४४:१० झाले, चित्र गेलं, दिवे लागले.

आणि ती तीस माणसं जिन्याशी आली.

त्या कोऱ्या दोन मिनिटांत काय होतं ते मला तेव्हा कळलं. तो माणूस गिटार लावत होता. एक जाड तार सैल सोडून, दुसरी जुळवत, मधूनच स्वतःशी पुटपुटत, एकदा हसत. चाहत्यांसाठी पिक्चर तोच होता. गाणी काय, मोबाइलवर रोज ऐकतात. तो एकटा असताना काय करतो हे बघायला ते आले होते, आणि बरोबर तिथे मी समोसे विकायला दिवे लावले. म्होरक्याचे डोळे भरलेले. एक मुलगी मला म्हणाली, “काका, मैफलीत कुणी तानपुरा लावत असताना तुम्ही लाइट घालवाल का?” मी म्हटलं, “यादीत तिथं काहीच लिहिलेलं नव्हतं, बाळ.” यादी लिहिणारा गप्प झाला. मला वाईटही वाटलं आणि थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

इंटरव्हलनंतरचा भाग ६ वर नेऊन कसाबसा पार पडला. आठ वाजून पस्तीस मिनिटांनी संपला. पुढचा रेग्युलर शो पावणेदहाचा, डिस्कची की बाराला मरणार. मॅनेजरसाहेब गल्ला मोजायला गेले होते. म्होरक्या परत वर आला आणि दारातच उभा राहिला, काही न मागता. मी म्हटलं, “सहावं आणि सातवं, पुढं ट्यूनिंग, पुढं आठवं. सलग. त्याच्यापुढं नाही.” सर्व्हर प्रत्येक वेळेची नोंद ठेवतो. ती नोंद वर जाते. अजून कुणी विचारलेलं नाही.

तीस-पस्तीस जण उरले होते. एसीचा प्लांट बंद केला. आवाजाचा आकडा ७ वर. आणि मी खाली हॉलमध्ये गेलो. चालू शोमध्ये खुर्चीवर बसून कधी ऐकलं होतं आठवत नाही.

या वेळी कुणी गायलं नाही. त्याने हात उचलला तेव्हा कुणाच्या तरी खुर्चीची स्प्रिंग वाजली तेवढीच. मग तो स्वर आला, ‘टक्क’शिवाय. विट्याचा पोरगा माझ्या पुढच्या रांगेत होता. त्याची साडेआठची गाडी गेलेली.

सातव्या गाण्याला खरखर आली. माझी मान खाली. शेजारी एक म्हातारबाबा बसले होते, नातवाने ओढून आणलेले, पहिल्या शोला निम्मा वेळ डुलक्या काढत होते असं डोअरकीपर म्हणाला. मिरजेचे सतारमेकर. दर्ग्याजवळच्या त्या गल्लीतले, जिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय (ठरावीक गावच्या मालाचं सरकारी मानांकन) मिळालं, आणि जिथे उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावाची संगीतसभा होते. मी म्हटलं, “चाचा, स्पीकर फाटलाय बहुतेक.”

चाचांनी डोळे मिटलेलेच ठेवले. “दोन हायत,” म्हणाले. “एक तारेचं. एक तुमचं.”

“म्हंजे?”

“तार सैल सोडलीया त्यानं. गिटारच्या पट्टीला घासती. ते जवारीगत हाय, सतारीच्या तारंची झणझण आसती तसं, त्याला पाहिजेच ते. आमी तेवढ्यासाठी घोडी, तार टेकती ती, दिवसदिवस घासतो, खाली दोरा सरकवत बसतो. दुसरं पत्र्याचं हाय. तिकडं बघा.” आणि डाव्या भिंतीकडे हनुवटी केली.

डाव्या भिंतीवर दारावर ‘बाहेर’चा बोर्ड आहे. पत्र्याची पेटी, आत दिवा. मी उठून अंधारात तिथं गेलो. जाड तार वाजली की पेटी बारीक थरथरत होती, डोळ्याला दिसणार नाही इतकी. वर एक स्क्रू गायब. बोट टेकवलं. एक आवाज गेला. बोट काढलं, परत आला. टेकवलं, गेला. खाली दुसरा राहिला होता, मऊ, माशी काचेशी असते तसा. तो दोन्ही बाजूंनी येत होता, निदान मला तसं वाटलं. मारधाडीच्या पिक्चरमध्ये हा बोर्ड किती वर्षं वाजत असेल कुणास ठाऊक. पुण्याहून दर सहा महिन्यांनी टेक्निशियन येतो, माइक लावून ग्राफ काढतो, सही घेतो, जेवतो, जातो. त्याच्या ग्राफात बोर्ड नव्हता.

ट्यूनिंगची ती दोन मिनिटं मी तसाच उभा होतो, वर हात, बोर्डावर बोट. तार सैल होत होत जुळायला लागली तसं चाचांनी पहिल्यांदा डोळे उघडले. आठवं गाणं सुरू झालं आणि दारातून मॅनेजरसाहेबांची बॅटरी आत आली.

चाचा जाताना नातवाला एवढंच म्हणाले, “गळा बरा हाय. बाज लई लांब ठेवलीया, उगाच.” बाज म्हणजे काय, कशापासून लांब, हे विचारायचं राहिलं. कोल्हापूरच्या बाई जिन्यावर थांबून थँक्यू म्हणाल्या. त्यांचे मिस्टर गाडीत हॉर्न वाजवत होते. विट्याचा पोरगा पावणेदहाच्या शोला केबिनमध्ये माझ्या डब्यातली भाकरी खात बसला आणि पहाटेच्या गाडीने गेला.

दुसऱ्या दिवशी बोर्डाला स्क्रू मारला, मागे सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला. मग वाटलं, आता ७ वर लावून एकदा नुसतं तारेचं ऐकावं. खरंच ते तारेचंच होतं, की डाव्या स्पीकरलाही थोडं काही आहे? डिस्क सर्व्हरला जोडली, गाणं निवडलं. लाल पट्टी. की रात्री बारालाच मेलेली. डिस्क सोमवारी कुरियरने परत गेली.