बॅटरसीचा तपकिरी कुत्रा: आधी लॅचमिअरला जा, मग पार्कात

पंधरा पौंड पाण्यात गेले. लंडनच्या बॅटरसी पार्कमध्ये पायी फिरवणाऱ्या वाटाड्याने आम्हाला झाडीतल्या एका छोट्या ब्राँझच्या कुत्र्यापुढे जेमतेम दोन मिनिटं उभं केलं, 'इमानी कुत्र्याचं स्मारक' म्हणाला आणि पुढे निघाला. मी मागे थांबून चौथऱ्यावरचा मजकूर वाचला. इमानाबद्दल त्यात अक्षर नव्हतं. १९०३ साली युनिव्हर्सिटी कॉलेजच्या प्रयोगशाळेत जिवंतपणी चिरफाड सोसून मेलेला हा कुत्रा आणि १९०२ या एका वर्षात तिथेच चिरलेले आणखी २३२, यांची ती आठवण आहे. संताप झाला माझा.

दुसऱ्या दिवशी एकटीच गेले, आणि सुरुवात लॅचमिअर वसाहतीपासून केली. तुम्हीही तसंच करा. ही वसाहत बॅटरसीच्या नगरपालिकेने स्वतःच्या मजुरांकडून बांधून घेतली आणि १९०३ मध्ये कामगारांसाठी खुली केली. गल्ल्यांची नावं वाचत चाला: फ्रीडम स्ट्रीट, रिफॉर्म स्ट्रीट. शेजारच्या मैदानात १९०६ साली मूळ पुतळा बसला. ती खरं तर पाणपोई होती. वर माणसांसाठी पाणी, खाली जनावरांसाठी कुंड. दोन स्वीडिश विद्यार्थिनींनी प्रयोग पाहून लिहून ठेवलं होतं, त्यातून हे सगळं पेटलं. तो प्रयोग करणारे विल्यम बेलिस यांनी अब्रुनुकसानीचा खटला जिंकून २,००० पौंड मिळवले, तरी बॅटरसीने पुतळा उभारलाच.

मग वैद्यकीचे विद्यार्थी हातोडे घेऊन पुतळा फोडायला आले आणि वस्तीतली माणसं आडवी आली. मला इथेच अर्थ लागला. धर्मादाय इस्पितळात आपल्यावरही असेच प्रयोग होतील, ही गरिबांची धास्ती होती. मताधिकार मागणाऱ्या बायकांच्या सभा हेच विद्यार्थी उधळत होते. त्या कुत्र्याच्या जागी कामगार स्वतःला बघत होते, बायकाही. १० मार्च १९१० च्या पहाटे १२० पोलिसांच्या बंदोबस्तात पुतळा हलवला गेला. वीस हजार लोकांनी तो राहू द्या म्हणून सह्या केल्या होत्या. (याच बॅटरसीने पुढे १९२२ मध्ये मुंबईत जन्मलेल्या शापुरजी सकलातवालांना पार्लमेंटात पाठवलं. वस्ती बघितली की नवल वाटत नाही.)

तिथून पार्कातल्या पुतळ्यापर्यंत चालतच जा. अंतर काही नाही, त्रास शेवटच्या टप्प्याचा आहे. फाटकावरच्या नकाशात 'ओल्ड इंग्लिश गार्डन' शोधा आणि त्याच्या जवळची 'वुडलँड वॉक' ही पायवाट धरा. मी दोनदा चुकले, पावसाने वाट चिखलाची झाली होती, बूट आतपर्यंत भिजले. पाटीच्या भरवशावर राहू नका. नदीकाठचा पॅगोडा छान आहे, तो आपोआप दिसतो.

हा १९८५ चा पुतळा निकोला हिक्स यांचा. कुत्रा गोड आहे, पण जागा चुकीची. ज्या वस्तीने मूळ पुतळ्यासाठी मार खाल्ला तिथे न बसवता हा झाडीत ठेवलाय. पैसे देऊन फेरी घेऊ नका, पार्कात जायला तिकीट लागत नाही. मजकूर सावकाश, उभं राहून वाचा. आणि पाण्याची बाटली भरून न्या, नव्या पुतळ्याला पाणपोई नाही.