मामूला सांगितलं, सुट्टी होती

आज सकाळी शेअरिंगच्या रिक्षावाल्या मामूशी खोटं बोलले.

"कल नै दिखे, मॅडम?" त्यानं आरशातून विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "छुट्टी थी." सुट्टी कसली डोंबलाची! काल मी कामावर होते, आणि रोजच्यापेक्षा अर्धा तास आधी पोचले होते. थंब करताना शिपायानं आधी माझ्याकडं पाहिलं, मग घड्याळाकडं.

मामूनं मान हलवली, मागच्या पोरींना "सरको बेटा, एक सीट और बैठेगी" म्हणाला आणि विषय संपला. म्हणजे त्याचा संपला. मी सेव्हन हिल्स येईपर्यंत डब्याच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत आणि सोडत बसले. रिक्षावाल्याशी खोटं कशाला बोलायचं? तो काय माझा सासरा आहे?

झालं एवढंच की काल सकाळी मुकुंदवाडीला मी उभी होते आणि आमच्या सेक्शनला नवीन आलेली पोरगी गाडी घेऊन समोर थांबली. "बसा ना मॅडम, मी तिकडंच चाललेय." बसले. मागं हॉर्न वाजायले होते, नाही म्हणायलाही वेळ नव्हता. आणि खरं सांगायचं तर नाही म्हणायचं मनातही नव्हतं. आदल्या रात्री आक्काच्या फोनमुळं झोप झाली नव्हती, ते असो.

सिडकोचा पूल आला आणि गाडी वर चढली. मग सेव्हन हिल्सचा पूल, मोंढा नाक्याचा पूल, क्रांती चौकाचा पूल. बावीस वर्षं संभाजीनगरच्या या जालना रोडनं येते-जाते, पण शेअरिंगची रिक्षा पुलावरून जात नाही. वर सीट कुठून मिळणार? ती खालून, चौकाचौकात थांबत जाते. त्यामुळं हे पूल मला फक्त पोटाकडून माहीत. सिमेंट, कबुतरं, खांबाला चिकटवलेल्या क्लासच्या जाहिराती. जालना रोडला वरचा मजला आहे हे काल कळलं. दवाखान्याच्या गॅलरीत वाळत घातलेल्या हिरव्या चादरी, क्लासच्या काचेआड पोरांच्या पाठी, दुकानांच्या बोर्डांमागचे गंजलेले अँगल. क्रांती चौकात तर महाराजांचा पुतळा जवळून दिसला. पूल झाल्यापासून जुना पुतळा बुटका वाटायला लागला होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये नवा बसवला तेव्हा चौथऱ्यासकट उंची ५२ फूट केली. खालून बघताना माझी मान दुखते.

चौदा मिनिटं. गाडी लावता लावता ती पोरगी म्हणाली, "मॅडम, तुम्हाला रोज पाऊण तास लागतो? कुठं जातो हो एवढा वेळ?"

तिच्या मनात काही नव्हतं. पण मला दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. दुपारी एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर हिशोब मांडला. जाता-येता अर्धा-अर्धा तास, म्हणजे दिवसाला एक. वर्षाचे अडीचशे दिवस धरले. गुणिले बावीस. साडेपाच हजार तास होतात. चोवीसनं भागलं तर दोनशे एकोणतीस दिवस, म्हणजे जवळजवळ साडेसात महिने! लोकांना साडेसाती शनीची लागते, मला जालना रोडची लागली. एवढ्या वेळात मी काय काय केलं असतं... एम.ए. अर्धवट आहे, वाजवायची पेटी माळ्यावर आहे. गाडी शिकायचं ठरलं होतं तेव्हा हे म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. ते पुढचं वर्ष कोणतं ते विचारायचं राहून गेलं. बारावीच्या वर्षी पोरगा क्लासला जायच्या आत एक दिवसही मी घरी पोचले नाही. आता तो पुण्याहून फोनवर म्हणतो, "आई, सोड ना तिकडचं." त्यावर आज नको.

घरी येऊन तेच पाकीट परत बघितलं तर हिशोबच चुकीचा. मी नोकरीला लागले तेव्हा आजचे सगळे पूल होते कुठं? तेवढी वर्षं वजा केली तर साडेसातीसुद्धा पुरती भरत नाही. एवढं रडून घेतलं आणि तेही जादाचंच.

खरं तर या रस्त्यानं कुणाला सोडलंय? आमचे आण्णा बदनापूरहून आले तेव्हा चिकलठाणा म्हणजे गाव, विमानतळ आणि मधे ज्वारी. १९८१ साली जालना वेगळा जिल्हा झाला, त्याच वर्षी इथं हायकोर्टाचं खंडपीठ आलं, आणि आण्णा म्हणायचे की तेव्हापासून रस्ता रिकामा म्हणून बघितला नाही. मग वाळूजला बजाज आली १९८५ मध्ये. सिडकोत घर आणि वाळूजला ड्युटी असलेले पहाटे पश्चिमेला निघायचे. आता शेंद्र्याला कंपन्या झाल्या, तर तिकडचे लोक पूर्वेला. करमाडच्या काळ्यापिवळ्या, कंपन्यांच्या बसा, सिटी बस, कोर्टाच्या तारखेला आलेल्यांच्या जीपा, सगळं याच एका रस्त्यावर. गावाला दोन टोकं आणि मधे ही एकच नळी. समृद्धी झाला, नागपूर-मुंबईचे ७०१ किलोमीटर आठ तासांवर आले म्हणे. आमचं मुकुंदवाडी ते क्रांती चौक मात्र मामूची पाचवी सीट भरण्यावर अवलंबून. अधूनमधून पेपरात येतं, चिकलठाण्यापासून वाळूजपर्यंत एकच अखंड पूल होणार. होईल बापडा. मामू त्याच्याही खालूनच जाईल.

"कुठं जातो एवढा वेळ?" तिला काय सांगणार? सिडकोच्या पुलाखाली मामू "बाबा-बाबा-बाबा" ओरडत शेवटच्या सीटची वाट बघतो, तिथं सात मिनिटं जातात. (बाबा म्हणजे पुढचा बाबा पेट्रोल पंपाचा चौक. पाटीवर महावीर चौक, पण तिथं पंप असल्यापासून सगळ्यांच्या तोंडी बाबाच.) सेव्हन हिल्सला जांबवाली बसते, ती पाव किलो मागितले तरी अर्धा किलोच तोलते, त्यात दोन जातात. एप्रिल-मे महिन्यात सिग्नलला पुलाची सावली असते तेवढ्याच पट्ट्यात सगळ्या दुचाक्या थांबतात, पुढं वीस फूट रस्ता मोकळा. सिग्नल हिरवा झाला तरी सावलीतून निघायला कुणी राजी नसतं, त्यात एक जातं. मोंढा नाक्याला दहाच्या नाण्यावरून रोज कुणाचं तरी भांडण होतं. मग कुणीतरी नोट देतं. परवा मीच दिली. एकदा शेजारी बसलेल्या पोरीला पोलीस भरतीचा गोळा फेकायचा होता आणि तिचे हात थरथरायले होते, म्हणून मोंढ्यापासून क्रांती चौकापर्यंत मी तिच्या हातावर हात ठेवून बसले होते. तिचं काय झालं कुणास ठाऊक.

ही यादी मांडून मी काय सिद्ध करायलेय? वेळ वाया नाही गेला म्हणून? गेला की. गाडीत गारवा होता, पाठ टेकलेली होती, केस विस्कटले नव्हते. मला काल फार बरं वाटलं. खोटं बहुतेक त्यामुळंच बोलले. मामू काय म्हणाला असता? काही नाही. "अच्छा किए" म्हणाला असता, आणि तेच मला ऐकायचं नव्हतं.

आज ऑफिस सुटताना ती पोरगी म्हणाली, "मॅडम, सोमवारपासून रोजच येत जा माझ्याबरोबर, पावणेदहाला थांबते." मी म्हटलं, नाही गं, मला वाटेत गिरणीत दळण टाकायचं असतं. अदालत रोडच्या वाटेवर कुठली गिरणी ते तिनं विचारलं नाही, नशीब. एकाच दिवसात दोन खोटं, तेही दोन्हीकडून.

उद्या शनिवार. पाकिटात दहाची एकच नोट आहे, बाकी सगळी नाणी. सोमवारच्या आत दहाच्या नोटा करून ठेवायला पाहिजेत.