आठ मात्रा मोकळ्या

त्या मुलीच्या फॉर्मवर ‘प्रतिसाद नाही’ अशी नोंद आहे आणि खाली सही माझी आहे. टीव्हीवरच्या गाण्याला मूल कसं उत्तर देतं, यासाठी फॉर्मात रकानेच तीन : मोठ्याने, हळू, नाही. चौथा रकाना असता तर त्यात मी काय लिहिलं असतं, हे मला अजून धड ठरवता आलेलं नाही. म्हणून हा खटाटोप.

मी तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठीच्या एका मराठी टीव्ही कार्यक्रमाचं संगीत करते. प्रत्येक भागात चार-पाच गाणी, दोन माणसं आणि एक कासव, म्हणजे कासवाची बाहुली. आमचा स्टुडिओ कर्वेनगरात एका बंगल्याच्या तळघरात आहे. वर मालकीणबाईंनी मिक्सर लावला की खाली आमचा टेक थांबतो.

चाल बांधणं हा यातला सोपा भाग. या वयाची मुलं आरामात गाऊ शकतात ते सूर मोजकेच असतात, म्हणून सा पांढरी दोनला, म्हणजे हार्मोनियमच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीला, ठेवायचा आणि सगळं गाणं सा ते ध एवढ्यात उरकायचं. चांगल्या चांगल्या गायिकांना हे झेपत नाही. वरच्या, तार सा ला हात लावल्याशिवाय त्यांना घरी गेल्यासारखं वाटत नाही. काही जणी माइकसमोर आल्या की बोबडं बोलायला लागतात. चाळिशीच्या बाईने ‘तिमणी’ म्हटलं की मी हेडफोन काढून ठेवते. मुलं स्वतः बोबडी बोलतात, पण त्यांना ऐकायची असते ती ‘चिमणी’च. लयीचं वेगळंच. मुलांची मूळची लय मोठ्यांपेक्षा जलद असते. संथ गाण्यावर टाळ्या वाजवायला सांगा, गाणं संपायच्या आत टाळ्या स्टेशनावर पोचलेल्या असतात. पण शब्द मात्र त्यांना सावकाश हवे असतात. म्हणून ठेका चपळ आणि शब्द विरळ, अशी कसरत.

मिक्सिंगबद्दल एवढंच सांगते. अंगणवाडीतला टीव्ही भिंतीवर उंच टांगलेला असतो आणि त्याचे स्पीकर मागच्या बाजूला. म्हणजे निम्मं गाणं भिंतच ऐकते. वर पत्रा, पंख्याची घरघर, शेजारी कुणाचं तरी ड्रिल चाललेलं. यात पहिल्यांदा बुडतात ते स, श, च. म्हणून माझं शेवटचं मिक्स स्टुडिओच्या भारी स्पीकरवर कधीच पक्कं होत नाही. आमच्या स्वयंपाकघरातल्या जुन्या टीव्हीवर, कुकर लावून, शिट्ट्यांमध्ये शब्द कळले तर ते पास.

पण माझा जीव आहे तो मोकळ्या जागेत. या भागातलं गाणं वजाबाकीचं होतं :

पाच पोपट पेरूवर,
एक उडाला भुर्र भुर्र,
उरले किती?

आणि मग आठ मात्रा, म्हणजे तालाचे आठ ठोके, काहीही नाही. केरवा तालाचं एक आवर्तन, एक पूर्ण फेरा. आमच्या लयीत चार सेकंद. उत्तर मुलांनी द्यायचं. ही जागा रिकामी दिसते, पण ती बांधावी लागते. ढोलक चालू ठेवली तर मुलं बोलायचं सोडून टाळ्या वाजवतात. सगळंच बंद केलं तर मोठ्यांना वाटतं टीव्ही बिघडला, आणि कुणीतरी उठून रिमोट शोधू लागतं. म्हणून मी सूर काढून घेते आणि फक्त खुळखुळा ठेवते, तोही दुरून. खुळखुळा वाजतोय म्हणजे पाळी तुमची, हे मुलांना दुसऱ्या कडव्यापर्यंत कळतं. मोठ्यांना शेवटपर्यंत कळत नाही.

चॅनेलचे जे साहेब आमचा कार्यक्रम बघतात, ते या जागेला ‘डेड एअर’, म्हणजे वाया गेलेली शांतता, म्हणतात. 1996 साली अमेरिकेत ‘ब्लूज क्लूज’ नावाचा कार्यक्रम आला, त्यात निवेदक प्रश्न विचारून कॅमेऱ्याकडे बघत चक्क थांबायचा, आणि एकच भाग सलग पाच दिवस दाखवायचे, हे मी त्यांना दर मीटिंगला सांगते. ते दर मीटिंगला म्हणतात, “इंटरेस्टिंग. पण चारचे दोन सेकंद करता येतील का?” थांबलेल्या टीव्हीची सगळ्यात जास्त भीती टीव्हीवाल्यांनाच वाटते.

तर हा भाग दाखवून बघायला आम्ही सिंहगड रस्त्याच्या बाजूच्या एका अंगणवाडीत गेलो. मागे मोठ्या इमारतींचं काम चाललेलं, त्यामुळे निम्मी मुलं साइटवरच्या मजुरांची, बरीचशी कलबुर्गी-यादगीरकडची, घरी कानडी बोलणारी. आमची तपासणीची पद्धत जुनीच आहे. 1969 मध्ये ‘सेसमी स्ट्रीट’ सुरू होत होता, तेव्हा एडवर्ड पामर नावाच्या संशोधकाने ती काढली : मुलाला टीव्हीसमोर बसवायचं, शेजारी दुसऱ्या पडद्यावर बदलती चित्रं लावायची, आणि मुलाची नजर टीव्हीवरून कधी हटते ते टिपायचं. आमचा दुसरा पडदा म्हणजे लॅपटॉप. त्यावर हत्ती, बस, लाडू असं काहीबाही सरकत राहतं. नजर टिपायला एक कॅमेरा मुलांकडे तोंड करून. पालकांच्या परवानग्या घेतलेल्या असतात. कॅमेऱ्यावर आमचे काका. सेनापती बापट रस्त्यावर 1984 ला सुरू झालेल्या बालचित्रवाणीत, म्हणजे मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम करणाऱ्या सरकारी संस्थेत, त्यांची उमेदवारी झाली. ती 2017 मध्ये बंद पडली, तो विषय त्यांच्यापुढे काढायचा नाही. काढलात तर शूटिंग दुपारनंतर सुरू होतं.

मी कोपऱ्यात, कानाला हेडफोन, मोकळ्या जागांत कोण काय बोलतं ते टिपत. खरं तर पहिल्या जागेत आवाज आला तो अंगणवाडीच्या ताईंचाच. “सांगा रे, चार! चार!” बिचाऱ्या वर्षानुवर्षं पाहुण्यांसमोर मुलांकडून उत्तरं वदवून घेतायत, त्यांना गप्प बसा म्हणणं कठीण. त्यांच्यावर पोषण आहार, वजनं, उंच्या, मोबाइलमधल्या नोंदी असं सगळं लादलेलं; शिकवणं उरल्या वेळात. दुसऱ्या कडव्याला मदतनीस बाईंनी त्यांना खिचडी बघायला बोलावलं, आणि मग मुलं स्वतः बोलू लागली. तीन! दोन! एक! अगदी सुरात. शेवटी सगळे पोपट उडाल्यावर जल्लोष. लॅपटॉपवरच्या लाडवाकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. लक्षाच्या रकान्यात असा आकडा आला की चॅनेलचे साहेब पेढे वाटतील.

तेवढ्यात लाइट गेली. गुरुवार होता. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते हे आम्हाला ठाऊक होतं, म्हणून सकाळी लवकर उरकायचं ठरलेलं, पण लाइट आमच्याहून लवकर निघाली.

बसून काय करायचं, म्हणून मी खंजिरी घेतली. ताईंच्या डब्यात बाटल्यांची बुचं होती, ती पाच मांडली, हेच पोपट. सगळ्यात मोठ्याने गाणारा एक पोरगा होता, बिनबाह्यांच्या बनियनमधला, त्याला पुढे घेतलं. गाणं म्हटलं, पण एकाऐवजी दोन बुचं उचलली. “उरले किती?” “चार!” छाती काढून. मी काही बोलले नाही. तो बुचांकडे बघायला लागला. खंजिरी तशीच हळू चालू ठेवली. त्याने एकेका बुचावर बोट टेकवलं, एक बूच दोनदा मोजलं, परत पहिल्यापासून सुरू केलं, नाक पुसलं, आणि मग “तीन” म्हणाला. असं, की जणू ते त्याला मी नाही, बुचानेच सांगितलं. किती मात्रा गेल्या देव जाणे. एवढी जागा कुठलाही एडिटर ठेवणार नाही, आणि एडिटर माझा सख्खा भाऊ असता तरी मी त्याच्याकडे मागितली नसती.

म्हणजे टीव्हीसमोर ‘चार, तीन, दोन, एक’ म्हणणारी ही मुलं मोजत नव्हती, चाल म्हणत होती. माझीच चाल. या वयात आकड्यांची माळ तोंडात आधी येते, आणि शेवटचा आकडा म्हणजे ‘एकूण एवढे’ हे उमगायला पुढे बराच वेळ जातो. हे मी वाचलेलं आहे, लोकांना सांगतेही. समोर बघणं वेगळं.

इथवर असतं तर मी हे लिहिलंच नसतं. ‘मुलांना टीव्ही नको, माणूस हवा’ हे सांगायला संगीतकार कशाला लागते, कुठलीही आजी सांगेल.

दाराजवळ, चपलांच्या शेजारी, एक मुलगी बसली होती. पिवळा फ्रॉक, एक वेणी सुटलेली. मी बुचं घेऊन तिच्याकडे सरकले, तर तिने कोपरात तोंड खुपसलं. सगळी पोरं एका सुरात, “ती बोलतच नाय!” खिचडीवरून परतलेल्या ताई म्हणाल्या, “मॅडम, तिला नका विचारू. आल्यापासून शब्द नाही. घरी बोलते म्हणे आई.” मी मागे सरकले. थोड्या वेळाने लाइट आली, पद्धतीप्रमाणे भाग पुन्हा एकदा दाखवला, फॉर्म भरले. तिच्या फॉर्मवर लिहिलं, प्रतिसाद नाही. हेडफोनमध्ये तिचा आवाज नव्हता, ही गोष्ट खरीच आहे.

संध्याकाळी काकांनी चित्रण लावलं. “अगं, ही बघ काय करतेय.” तिसऱ्या कडव्याची मोकळी जागा. दोन पोपट उरलेले. पिवळ्या फ्रॉकचा हात मांडीवर, आणि त्या हाताची दोन बोटं ताठ. खुळखुळा संपला तशी बोटं मिटली. पुढे गेलो. लाइट आल्यानंतरचा दुसरा खेळ, तीच जागा : पुन्हा दोन बोटं. बाकीच्या तिन्ही जागांत हात फ्रॉकखाली.

आता त्या तिसऱ्याच जागेत असं काय आहे? मी, काका आणि एडिटर रात्रीपर्यंत तेवढंच पुढे-मागे करत बसलो. बाकीच्या जागांत कासव सरळ कॅमेऱ्यात बघतं. दिग्दर्शकाचा तसा आग्रहच आहे : बाहुलीची नजर भिंगात हवी, मुलाला वाटलं पाहिजे की ते माझ्याशीच बोलतंय. तिसऱ्या जागेत मात्र कासव झाडाकडे वळलेलं आहे. ते कुणी ठरवलेलं नव्हतं. बाहुली खेळवणारा आमचा मित्र टेबलाखाली हात वर करून बसलेला असतो; त्या टेकला त्याचं मनगट भरून आलं, म्हणून त्याने कासव जरा वळवलं. वाईट दिसत नव्हतं, म्हणून राहिलं.

माझं म्हणणं असं, की तिला मोजता येतं, फक्त कुणी बघत असेल तर येत नाही. मी समोर बसून हवा तेवढा वेळ थांबू शकते, पण मी बघते. कासव चार सेकंदांच्या वर थांबू शकत नाही, पण ते तोंड फिरवू शकतं. बनियनवाल्याला हवं होतं ते टीव्हीला जमत नाही, आणि हिला हवं होतं ते मला जमलं नाही. काकांना हे पटत नाही. त्यांच्या मते दोन हा आकडा सगळ्यात सोपा, तेवढाच तिला येत असेल, कासवाने कुठेही बघावं. एडिटर म्हणतो, ती बोटं नाहीतच, पोपटाचे पंख करतेय. तिघांचंही खरं असू शकतं, याचाच मला त्रास होतो.

दिग्दर्शकाला दाखवलं. तो म्हणाला, एका मुलीवरून नजर बदलायची? सेट मोडलाय, नव्याने शूटिंग होणार नाही. मग मी फुकट गेलेले टेक चाळले. एकात कासवाची मान अडकून ते जमिनीकडे बघत राहिलंय, खाली आमच्या मित्राने हासडलेली शिवीही ऐकू येते. आवाज काय, काढता येतो. ते चित्र दुसऱ्या कडव्यात, तीन पोपटांच्या जागी बसवलं, आणि तिसऱ्यात भिंगात बघणारं कासव घातलं. आता तिने तीन बोटं काढली तर काका गप्प बसतील. परत दोनच काढली तर मी.

साहेबांनी ही प्रत बघून पुन्हा विचारलं, निदान सहा मात्रा करता येतील का. आठच्या खाली येणार नाही, असं मी लिहून कळवलंय. आणि ताईंना फोन करून सांगितलंय, गुरुवार सोडून कुठलाही वार द्या.