ई-सायकलच्या मागच्या चाकाचं बेरिंग: मोटर बदला म्हणाले तर आधी हे वाचा

मागच्या चाकातून खरखर यायला लागली आणि रिम धरून आडवी हलवली की किंचित खेळ जाणवला, म्हणजे बेरिंग गेलं समजा. माझी सायकल 250 वॉटची, मागच्या चाकात गिअरची हबमोटर, रोजची फेरी सांगलीहून कुपवाड एमआयडीसीची. कारखान्यात बेरिंगचे आवाज रोज कानावर असतात, त्यामुळे शंका नव्हती. तुम्हाला खात्री करायची असेल तर चाक उचलून हाताने पुढच्या दिशेने फिरवा. या मोटरमध्ये आत क्लच असतो, त्यामुळे पुढे फिरवताना मोटर जागच्या जागी राहते आणि मोटरवरचा बाहेरचा डबा तेवढा आपल्या बेरिंगवर फिरतो. फ्रीव्हीलची, म्हणजे चेन बसते त्या मागच्या दातेरी चकतीची, टिकटिक सोडून जी खरखर उरेल ती बेरिंगची. उलटं फिरवू नका, मग मोटरही फिरते आणि काही कळत नाही.

इथपर्यंत सोपं होतं. डोकं फिरलं ते कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर.

मला फक्त बेरिंगचा नंबर हवा होता. उत्तर मिळालं, "मोटर सीलबंद येते साहेब, आतलं सुटं काही मिळत नाही. चाक पूर्ण बदलावं लागेल." त्या चाकाचा भाव सायकलच्या निम्म्या किमतीच्या घरात. म्हटलं, मीच उघडून नंबर बघतो. तर म्हणे, "उघडली की वॉरंटी गेली." बरं, मग वॉरंटीत बदलून द्या. "बेरिंग झिजणारा भाग आहे, वॉरंटीत बसत नाही." कार्ड काढून त्यांच्यासमोरच वाचलं. टायर, ब्रेक पॅड, चेन, बेरिंग, सगळे एकाच ओळीत वगळलेले. म्हणजे बेरिंगला वॉरंटी नाही, पण ते बघायला गेलो तर मोटरची वॉरंटी जाणार! हेच लेखी द्या म्हटल्यावर ऑनलाइन तक्रार करायला सांगितलं. केली. तक्रार सोडवल्याचा मेसेज आला, फोन कुणाचाच नाही. परत केली, तर बिलाचा फोटो, चाकाचा फोटो, फ्रेमवरच्या नंबरचा फोटो. सगळं पाठवलं, पुन्हा शांतता. काउंटरवर गेलं की "वरून उत्तर आलं नाही."

या सगळ्यात खेळ वाढत होता, याचा मला जास्त राग आहे. बेरिंग सैल झालं की डबा तिरका चालतो, ब्रेकची डिस्क पॅडला घासते, आणि तसंच चालवत राहिलं तर आतल्या नायलॉनच्या गिअरचे दात जातात. मग खरंच मोटरचा खर्च बसतो. दोनशेच्या आतल्या वस्तूसाठी माणसाला तिथवर ढकलायचं, ही सेवा नव्हे. शेवटी ठरवलं, वॉरंटी गेली तर गेली.

उघडणं अवघड नाही. बॅटरी काढायची, मोटरचं कनेक्टर सोडवायचं, नट ढिले करून चाक खाली घ्यायचं. वॉशर कोणत्या क्रमाने आहेत त्याचा फोटो आधी काढा. फ्रीव्हील काढायचा पाना मात्र जाड एक्सलवरून, म्हणजे चाकाच्या मधल्या दांड्यावरून, जाणारा लागतो; साध्या सायकलच्या दुकानातला माझ्या एक्सलवर बसलाच नाही. झाकणाचे स्क्रू काढून, एक्सलच्या टोकाला लाकूड लावून हलके ठोके दिले की झाकण सुटतं.

आणि बेरिंगवर नंबर छापलेला होता, स्वच्छ वाचता येईल असा. एका बाजूला 6001, वायरच्या बाजूला 6902. जगभर चालणारे मापाचे नंबर, त्यात गुप्त काय होतं? वायरच्या बाजूच्या बेरिंगचं सील फाटलेलं, आतलं ग्रीस तांबूस चिखल झालेलं. तुमच्या मोटरमध्ये दुसरे नंबर असतील, म्हणून जुनं बेरिंग सोबत न्या. 6902 म्हणजे आतून 15, बाहेरून 28, जाडी 7 मिलीमीटर. दुकानात तेव्हा ते नव्हतं, तर "आतलं माप तेच आहे" म्हणून 6002 पुढे केलं. ते बाहेरून 32 आणि जाडी 9, झाकणात बसणारच नाही. माप घ्यायला व्हर्नियर खिशात ठेवा. 2RS मागा, म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. ZZ ची पत्र्याची झाकणं धूळ अडवतात, पावसाचं पाणी नाही.

बसवताना झाकणात दाबायचं असेल तर जोर बाहेरच्या कड्यावर, एक्सलवर चढवायचं असेल तर आतल्या कड्यावर. चुकीच्या कड्यावर ठोकलं की गोळ्यांच्या वाटेवर खड्डे पडतात आणि नवं बेरिंग पहिल्याच दिवशी आवाज करतं. जुनं बेरिंग वर ठेवून बाकावरच्या व्हाइसमध्ये हळूहळू दाबलं, सरळ गेलं. झाकण उघडं आहे तोवर गिअरना थोडं ग्रीस लावून घ्या. चाक चढवताना दात असलेला वॉशर फ्रेमच्या खाचेत नीट बसवा, नाहीतर मोटरच्या जोराने एक्सलच फिरतो आणि वायर पिळून तुटते.

माझं वायरच्या बाजूचंच बेरिंग का गेलं, तेही सांगायचं राहिलं. पाणी वायरवरून ओघळत थेट एक्सलमध्ये शिरतं. म्हणून वायर एक्सलच्या खाली लोंबेल असा वळसा ठेवून बांधली, आता पाणी तिथूनच खाली टपकतं. वॉशिंग सेंटरचा फवारा तर चाकाच्या मध्यावर अजिबात मारू देऊ नका. आणि नवं बेरिंग टाकल्यावर आठवडाभराने नट एकदा परत आवळून बघा. माझा एका बाजूचा पाव आटा ढिला निघाला.