अस्तर कधी काढावे

गुलमर्गला स्कीइंग शिकायला गेले तेव्हा माझ्याजवळ सुट्या अस्तराचे जॅकेट होते : बाहेर वारा-पाणी अडवणारे कवच आणि आत चेनने जोडलेले फ्लीसचे, म्हणजे मऊ, केसाळ कृत्रिम कापडाचे अस्तर. पुण्याच्या माणसाला थंडीची जी धास्ती असते, तिच्यापायी पहिल्या दिवशी मी दोन्ही थर गळ्यापर्यंत चेन ओढून घातले आणि तिथेच चुकले. आमच्या तुकडीला सुरुवातीला लिफ्ट नव्हती. पायांत स्की बांधून, त्या उताराला आडव्या ठेवत, एकेक पाऊल टाकून वर चढायचे आणि क्षणभरात घसरत खाली यायचे. तिसऱ्या चढाईत पाठ घामाने चिंब झाली. मग माझी पाळी येईपर्यंत दहा मिनिटे उभी राहिले, तर अंगात हुडहुडी भरली.

ऊब देते ती कापडाच्या तंतूंत अडकलेली हवा. तिची जागा घामाने घेतली की संपलेच, कारण पाणी हवेच्या वीसपटीहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. म्हणून चढताना थोडे गार वाटले तरी चालेल, पण अस्तर घाम येण्याआधीच काढले पाहिजे. काखेतल्या चेन मात्र आधी उघडून पाहाव्यात. पुष्कळदा तेवढ्याने भागते. आत सुती बनियन नको, ते घाम धरून ठेवते.

गोंडोलाने, म्हणजे तारेवरून चालणाऱ्या केबल कारने, वर जाताना हिशेब उलटतो. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे, तर अफरवट डोंगरावरचे तिचे वरचे स्थानक साधारण ३,९५० मीटरवर. हजार मीटर उंचीला तापमान साडेसहा अंशांनी उतरते असे धरले, तरी वर आठेक अंश थंडी जास्त, आणि वारा वेगळाच. अस्तर बसवायचे ते मधल्या कोंगडोरी स्थानकावर, आडोशाला. नुसती पुढची चेन लावून भागत नाही. मानेमागचा बंद आणि दोन्ही मनगटांवरची टिचबटणेही लावावी लागतात. ती राहिली, तर हात बाहेर काढताना अस्तराची बाही उलटी होऊन बाहेर येते, आणि जाड हातमोज्यांनी ती सरळ करणे अशक्य असते.

घरी आल्यावर दोन्ही थर मी वेगळे धुते आणि फॅब्रिक कंडिशनर कटाक्षाने टाळते, कारण त्याने बाहेरच्या कापडाचा पाणी झटकण्याचा गुण जातो. धुऊन वाळल्यावर कवचावर चमचाभर पाणी टाकून पाहते. अळवाच्या पानावरून ओघळावे तसे ते ओघळले, तर जॅकेट पुढच्या हिवाळ्यासाठी तयार आहे.