हमीपत्रावरचा एक चुकीचा शब्द

सव्वीस दिवस. सरकारी कागदावर एक शब्द चुकीचा पडला म्हणून आमचे सव्वीस दिवस गेले आणि त्याचा राग अजून शमलेला नाही.

मी पुण्याचा, सध्या नोकरीसाठी जर्मनीत, ब्लू कार्डावर (उच्चशिक्षित नोकरदारांना मिळणारा निवास परवाना). माझा जोडीदार इराणी. पुण्यात तो एमएस्सी करत असताना आमची ओळख झाली. त्याच्या भावाला आमच्याबद्दल कळलं आणि त्याला परत जाणं अशक्य झालं, कारण इराणच्या कायद्यात अशा नात्याला फाशीपर्यंत शिक्षा आहे. भारतात लग्न करून त्याला इकडे आणावं, तर समलिंगी विवाहाला मान्यता नाकारणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ती आशाही संपली. त्याचा भारतातला व्हिसा तर जूनअखेर संपणार होता.

पहिला विचार आश्रयाचाच आला. पण पुण्यात बसून जर्मनीकडे आश्रय मागता येत नाही, दूतावासात तसा अर्जच नसतो. इथल्या जमिनीवर पाऊल ठेवावं लागतं आणि त्यासाठी व्हिसा लागतो. ओळखीतल्या एकाने सुचवलं, इटलीचा पर्यटक व्हिसा काढा आणि तिथून इकडे या. असं अजिबात करू नका. आश्रयाचा अर्ज युरोपातल्या कुठल्या देशाने हाताळायचा हे ठरवणाऱ्या डब्लिन नियमानुसार ज्या देशाने व्हिसा दिला, सहसा त्याच देशाकडे आश्रयाचा अर्ज वर्ग होतो. तो इटलीत आणि मी इथे, अशी ताटातूट झाली असती.

मग वकील गाठली. तिच्या एका तासाचे पैसे हा या सगळ्यातला सर्वात चांगला खर्च. तिने सांगितलं की अल्प मुदतीच्या व्हिसावर येऊन आश्रय मागितला तर निर्वासितांच्या केंद्रात राहावं लागतं, आणि ते केंद्र कुठल्या राज्यात असेल ते आपल्या हातात नसतं. सहा महिन्यांहून जास्त मुदतीचा निवास परवाना असेल तर अर्ज लेखी, थेट आश्रयाचे अर्ज तपासणाऱ्या खात्याच्या न्यूरेनबर्गमधल्या मुख्य कार्यालयाकडे पाठवता येतो आणि केंद्रात राहण्याची सक्ती नसते. म्हणजे विद्यार्थी म्हणून आल्याने आश्रयाचा हक्क जात नाही. त्याला खरोखरच शिकायचं होतं, प्रवेशही मिळालेला होता. आम्ही विद्यार्थी व्हिसा ठरवला.

आणि अडकलो पैशांच्या पुराव्यावर.

वर्षाचे ११,९०४ युरो गोठवलेल्या खात्यात (ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते) दाखवायचे असतात. रक्कम माझ्याकडे होती, पण इराणी पासपोर्ट पाहून दोन ठिकाणी खातं उघडायला नकार मिळाला. उरलं हमीपत्र: त्याचा सगळा खर्च मी उचलेन असं मी माझ्या शहरातल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन लिहून द्यायचं. तारीख मिळवायला रोज सकाळी सातला संगणकासमोर बसायचो. एकोणीस दिवसांनी मिळाली. पगाराच्या तीन पावत्या, भाडेकरार, ब्लू कार्ड, सगळं क्रमाने लावून नेलं. बाईंनी मान वर न करता टाइप केलं, नक्षीदार कागद छापला, पेन पुढे सरकवलं. मी सही केली, २९ युरो भरले आणि मूळ प्रत त्याच दिवशी पुण्याला कुरिअर केली. (मूळच लागते, स्कॅन चालत नाही.)

मुंबईत व्हिसाच्या खिडकीवर कागद परत आला. मुक्कामाचा उद्देश या रकान्यात ‘श्टूडियुम’ म्हणजे शिक्षण हवं होतं. छापलं होतं ‘बेझूख’, भेट. अर्जावर विद्यापीठाचं नाव ठळक असताना! मी कार्यालयाला ईमेल केले, फोन केले, दारात जाऊन उभा राहिलो. एकच उत्तर: नवी तारीख घ्या. ती सव्वीस दिवसांनी मिळाली. त्या दिवशी दुरुस्तीला किती वेळ लागला म्हणता? चार मिनिटं. फी पुन्हा घेतली. मी घड्याळाकडे बघत होतो आणि माझे हात थरथरत होते. पुण्यात तो रोज कॅलेंडरवर फुली मारत होता.

म्हणून खुर्चीतून उठण्याआधी तो रकाना स्वतः वाचा. जर्मन येत नसेल तर येणाऱ्याला सोबत न्या. मीही वाचायला हवा होता.

वकिलीणबाईंनी सांगितलेली एक गोष्ट वर लिहायची राहिली. हे हमीपत्र पाच वर्षं बांधून ठेवतं. जोडीदाराला पुढे आश्रय मिळाला तरी ते रद्द होत नाही, त्याने सरकारी मदत घेतली तर वसुली आपल्याकडून होऊ शकते. मी हे जाणून सही केली आणि आजही करेन. पण न वाचता करू नका.

जर्मनीचा व्हिसा त्याची भारतातली मुदत संपायच्या नऊ दिवस आधी आला. आता तो इथे आहे, सकाळी माझ्याआधी उठून लायब्ररीत जातो. आश्रयाची फाइल वकिलीणबाईंकडे तयार आहे, पण अर्ज अजून टाकलेला नाही. त्याची आई शिराझला असते. अर्ज केला की इराणी पासपोर्ट जमा करावा लागतो, आणि त्यानंतर तिला भेटायचं तर कुठल्या तरी तिसऱ्याच देशात. पहिलं सत्र संपेपर्यंत थांबू, असं त्याने सांगितलंय.