तुम्ही विचारलंत म्हणून : मी विंडोज टाकून का देत नाही

लग्नात, गणपतीत, सोसायटीच्या जिन्यात, प्रश्न तोच असतो. "पीसी एवढा छान असेंबल करून देता, मग विंडोज तेवढी फुकट टाकून द्यायला काय होतं?" आणि त्याला जोडून, "ऑनलाइन पाचशेला विंडोजची की मिळते, ती का चालत नाही तुम्हाला?" आजवर उभ्याउभ्या उत्तरं दिली. ऐकणाऱ्याला दर वेळी वाटलं, हा एकतर घाबरतो, नाहीतर भाव खातो. म्हणून एकदा बसून लिहितोय.

पाचशेची की, म्हणजे विंडोज चालू करून घ्यायचा कोड, चालते. मी कधीच नाही म्हटलेलं नाही. अ‍ॅक्टिव्हेशनचा सर्व्हर (विंडोज बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्टचा) की खरी आहे का आणि ठरल्यापेक्षा जास्त मशीनांवर वापरली नाही ना, एवढंच बघतो. विकणाऱ्याला ती विकायचा हक्क होता का, हे त्याला कळत नाही आणि तो विचारतही नाही. अशी की घेतलेल्यांनी एकदा ‘slmgr /dli’ ही कमांड देऊन बघावी. छोटी चौकट उघडते आणि त्यात रिटेल (सुटं विकत घेतलेलं), ओईएम (मशीनबरोबर आलेलं) किंवा व्हॉल्यूम (संस्थेला घाऊक दिलेलं) ते लिहिलेलं असतं. घरच्या पीसीवर व्हॉल्यूम दिसलं, तर ते लायसन्स कुठल्यातरी संस्थेला तिच्या मशीनांसाठी दिलेलं आहे. तुम्हाला दिलेलं नाही. त्यातल्या केएमएस प्रकाराला (ज्यात संस्थेचा स्वतःचा सर्व्हर लायसन्स तपासतो) 180 दिवसांच्या आत पुन्हा त्या संस्थेच्या सर्व्हरशी बोलावं लागतं. तुमच्या घरात तो सर्व्हर कुठून येणार?

रिटेल आणि ओईएममधला फरक तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर पार्ट घेतानाच कळायला हवा. रिटेल लायसन्स जुन्या मशीनवरून काढून नव्यावर नेता येतं, एका वेळी एकाच. ओईएम मदरबोर्डशी बांधलेलं असतं. बोर्ड जळाला म्हणून बदलला तर ते राहतं, हौसेने बदलला तर गेलं. जुन्या लॅपटॉपची विंडोज नव्या पीसीत आणता येईल का, असं विचारतात ना, त्याचं उत्तर यातच आहे. ती लॅपटॉपबरोबर आली, लॅपटॉपबरोबरच राहील.

पण लोकांना खरं विचारायचं असतं ते वेगळंच. "मामांना का नाही म्हणालास?" आमच्या घरात ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, पण प्रत्येकाला अर्धीच.

मामांचं कराडला डीटीपीचं काम. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, दहाव्या-तेराव्याची कार्डं. जुना पीसी दिवसातून दोनदा बंद पडायला लागला तेव्हा त्यांनी मला फोन केला, आणि मला फार बरं वाटलं. पार्ट मी निवडले, घेऊन गेलो, त्यांच्याच टेबलावर बांधले. मामी शेजारी बसून एकेक स्क्रू हातात देत होत्या. पीसी सुरू झाला. मग मी म्हटलं, "मामा, आता विंडोजचं. दहा-अकरा हजार धरा."

ते हसले. त्यांना खरंच वाटलं की मी थट्टा करतोय.

"अरे, ती तू टाकून दे ना. सगळे टाकतात."

मी म्हटलं, मी टाकत नाही. ते म्हणाले, मग पार्टचे पैसे घेतलेस ते कशाचे? मी बिलं पुढे केली, जीएसटीसकट, एक रुपया वर न घेता. हे मला करायचं नव्हतं. पण तोवर दोघांचाही आवाज चढला होता.

त्यांच्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं लॉक टेबलावर होतं. यूएसबीत लावल्याशिवाय ते सॉफ्टवेअर उघडत नाही, आणि रात्री मामा ते कपाटात कुलपात ठेवतात. मी त्याकडे बोट दाखवून म्हटलं, "याचे मोजलेत ना पैसे? मग विंडोजचे का नाही?"

मामा शांतपणे म्हणाले, "याचे पैसे दिले तेव्हा पुण्याहून माणूस आला होता. दोन दिवस इथे बसून त्याने मला शिकवलं. जोडाक्षर तुटत होतं, ते दुरुस्त करून पाठवलं. तुझ्या त्या कंपनीचं कोण आलंय माझ्याकडे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. मी कायदा सांगत बसलो. सांगितलं ते खोटं नव्हतं. 1957च्या कॉपीराइट कायद्यात 63ब कलम आहे. प्रोग्रॅमची बेकायदा प्रत माहीत असून वापरली तर सात दिवस ते तीन वर्षं कैद, आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. घरगुती वापर असेल, कमाई नसेल, तर कोर्ट कैद सोडून देऊ शकतं. मामांची तर त्या मशीनवर रोजी चालते. पण भाच्याने मामाला त्याच्याच घरात तुरुंगाचं कलम ऐकवलं, एवढंच त्यांच्या लक्षात राहिलं. मामी आत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या एका पोराने चहा होईतो विंडोज टाकून दिली. त्यानंतरच्या वर्षी मामेबहिणीचं लग्न झालं. आमच्याकडे पत्रिका द्यायला मामा नेहमी स्वतः येतात, अक्षत घेऊन. त्या वर्षी पत्रिका कुरियरने आली.

आता सगळे विचारतात, मग त्या पीसीत व्हायरस आला का? डेटा गेला? धाड पडली? काहीही झालं नाही. तो पीसी उत्तम चालला. क्रॅक (लायसन्सची तपासणी चुकवणारा प्रोग्रॅम) टाकताना अँटीव्हायरस बंद करायला सांगतात, त्यात धोका असतोच, तो मी सगळ्यांना सांगतो. पण मामांच्या बाबतीत तो खरा ठरला असं मी म्हणणार नाही. माझं म्हणणं कुणाचं नुकसान झाल्यावर अवलंबून नाही. मी बांधलेल्या पीसीतल्या प्रत्येक वस्तूचं पक्कं बिल मालकाच्या फायलीत असतं, आणि त्यात एकच गोष्ट बिलाविना बसवायची, ती माझ्या हाताने, हे मला जमत नाही.

पूर्वी मी यावर पटकन म्हणायचो, "मग लिनक्स वापरा, विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टिम आहे." तेव्हाच्या मला आज विचारावंसं वाटतं, कुणाला सांगतोयस? निवृत्त शिक्षकाला लिनक्स मिंट आणि लिब्रेऑफिस (पत्रं-तक्ते करायचं मोफत सॉफ्टवेअर) पुरतं, युनिकोड मराठी उत्तम टाइप होतं, मुक्तासारखे देखणे फॉन्ट मोफत आहेत, या सगळ्यांची लायसन्स मुक्त असल्यामुळे प्रत शेजाऱ्याला द्यायलाही कुणाची हरकत नाही. पण मामांचं लॉक विंडोजवरच चालतं, आणि वीस वर्षांच्या पत्रिका त्याच फॉन्टात आहेत. त्यांना लिनक्स सांगणं म्हणजे धंदा बंद करा सांगणं. आणि तेव्हाचा मी उलट विचारतो, मग अकरावीतल्या पोरीला काय सांगतोस, जिच्या वडिलांनी पंचवीस हजारांत पीसी बसवायला सांगितलाय आणि जिच्या क्लासचं सॉफ्टवेअर विंडोजच मागतं? त्या बजेटमधले अकरा हजार विंडोजला गेले तर उरलेल्यात धड पीसी उभा राहत नाही. हे माझ्याच्याने सुटलेलं नाही. तिला मी सेकंडहँड ऑफिस डेस्कटॉप बघायला सांगतो, ज्याच्यावर बनवणाऱ्या कंपनीकडून आलेली विंडोज आधीच असते. नवं काही बांधून घ्यायची तिची हौस तिथेच मरते, हे मला दिसतं.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला, आणि पुन्हा फोन सुरू झाले. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) लागतं, म्हणजे बऱ्याच घरांत नवा बोर्ड, म्हणजे पुन्हा लायसन्सचा प्रश्न. मामांच्या मुलानेही एस्टिमेट मागवलं. मी पाठवलं. कॅबिनेट, पॉवर सप्लाय, एसएसडी, आणि त्याखाली विंडोज, रिटेल. सोबत लिहिलं की ही ओळ नको असेल तर खोडा, मी पीसी रिकाम्या डिस्कसकट देईन, मजुरी कुणाकडूनच घेत नाही, तुमच्याकडूनही नाही. त्याने फक्त "बाबांना विचारून सांगतो" एवढं कळवलंय.